सतरा मुलं वजा

मुलं मोठी झाली, परमिट संपलं,
आणि पिवळी ओम्नी दारात उभी राहिली
कुणीतरी हाक मारेल म्हणून.
भंगारवाला म्हणाला, बावीस हजार.
ड्रायव्हर म्हणाला (माझा नवरा; नाव घ्यायची सवय नाही मला),
तेवढ्यात तर मी हिच्यात घर बांधीन.
मी म्हटलं, बांध.
पण नऊ हजारांत.

हिशेब माझ्याकडे,
बिडीच्या जुन्या पासबुकात, मागच्या कोऱ्या पानांवर.
प्लायवूड, विजापूर वेशीतल्या मोडलेल्या स्टॉलचं: सहाशे.
स्क्रू: एकशे दहा. परत स्क्रू: ऐंशी.
परत.

आतली लांबी साडेपाच फूट, ड्रायव्हर पाच-आठ.
तीन इंचांसाठी तीन दिवस भांडलो.
शेवटी पुढच्या सीटमागे एक फळी, बिजागरीवर,
रात्री उघडायची, फक्त त्याच्या पावलांसाठी.
मला लागत नाही. मी आयुष्यभर
सुपाएवढ्या जागेत मांडी घालून पानं कापली.

दिराचा टॉवेलचा कारखाना बंद झाला,
माग वजनावर गेले,
तेव्हा ड्रायव्हरनं एक धोटा खिशात घातला होता.
कशाला, ते त्यालाही सांगता आलं नव्हतं.
आता तो कपाटाचा दांडा आहे.
हाताला बरोबर बसतो, आधीच गुळगुळीत.

छताला आतून दोन जुन्या चादरी, फेव्हिकॉलनं.
चादर ऊब देते असं बाहेरगावचे म्हणतात.
मे महिन्यात अशोक चौकात पत्र्याखाली बसून बघा,
ऊनही तीच अडवते.
तिसरी चादर कापून पडदे केले.
मोर मधोमध कापला गेला, आणि पडदे ओढले की
मोराची मान एक इंच खाली येते.
ड्रायव्हर म्हणतो, उसव.
मी म्हणते, त्याला झोप आलीय.

हैदराबादहून स्रवंतीनं फोनवर फ्रिज दाखवला,
गाडीत बसणारा, बारा व्होल्टचा, अठ्ठावीस हजार.
मी तिला माठ दाखवला, ओल्या पोत्यात, पाटाला बांधलेला.
ती हसली. मग म्हणाली, आई, पाणी पुरेल का गं?
पाणी!
जिच्या गल्लीत नळ पाचव्या दिवशी येतो
तिला पंधरा लिटर कसं पुरवायचं हे
कुणी शिकवू नये.
भांडी राखेनं, मग ओल्या फडक्यानं,
मग तेच पाणी चाकाला.

दिवे गणपती मंडळाच्या माळेतले, अर्धे लाल.
पंखा कुठल्यातरी कॉम्प्युटरच्या पोटातला,
आवाज फार, वारा बेताचा.
बॅटरी उस्मानच्या रिक्षातली, उधार.
एकूण आठ हजार नऊशे चाळीस.
साठ उरले, त्याची शेंगा चटणी घेतली.

रंग मात्र राहिला.
मागच्या पत्र्यावर कर्कटकानं कोरलंय:
प्रज्वल पेन चोर.
आणि खिडकीखाली, बारीक अक्षरांत, नीट रेघेवर:
इथे नमिरा बसते.
ड्रायव्हरनं डबा उघडला, ब्रश बुडवला,
तसाच धरून उभा राहिला.
रॉकेल महाग आहे बे, म्हणाला, ब्रश धुवायला लागेल.
मी काही बोलले नाही.
पासबुकात लिहिलं, रंग: परत केला, दोनशे वीस जमा.

पहिल्या रात्री लांब नाही गेलो.
हिप्परग्याच्या तळ्याकाठी, बांधापासून जरा आत.
कडक भाकरी, दही, चटणी,
लाल उजेडात त्याचं तोंड लग्नातल्यासारखं दिसलं.
पंखा बंद केला तर बेडूक,
चालू केला तर पंखा.
मी नमिराच्या जागी झोपले.

जाग आली तेव्हा शेजारी फळी मोकळी.
साडेसहा.
ड्रायव्हर पुढे सीटवर, केस विंचरलेले,
हात हॉर्नवर.
दाबू का, म्हणाला.
माणूस नाही, घर नाही, समोर नुसतं पाणी.
दाब, म्हटलं.

दोनदा. नेहमीसारखा, दुसरा जरा लांब.
काठावरचे चार बगळे उठले.
आम्ही थोडं थांबलो,
पाच मिनिटं थांबायचा तो प्रत्येक दारात.
मग मागचं दार वर केलं
आणि मी चहा टाकला.